देवाची दानपेटी आणि सरकारची तिजोरी

हिंदू देवतेवर आयकर बसू शकतो काय, असा प्रश्न १९६९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. योगेंद्रनाथ नस्कर खटल्यात न्यायालयाने त्याचे उत्तर होकारार्थी दिले. देवता ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती आहे, तिला मालमत्ता धारण करता येते, तिच्या वतीने सेवेकरी व्यवहार पाहतो आणि म्हणून त्या मालमत्तेच्या उत्पन्नावर त्याच्यामार्फत कर आकारता येतो, असा त्या निकालाचा इत्यर्थ होता. भाविक मनाला हा निर्णय चमत्कारिक वाटेल. परंतु धर्मादाय संस्थांच्या करमाफीविषयी आज जो गोंधळ दिसतो, त्याची उकल याच निर्णयापासून सुरू होते. देवस्थानाला कर माफ होतो, तो ते देवाचे स्थान आहे एवढ्यावरून नव्हे. तेथे जमणारा पैसा लोकांच्या कामी लागतो आणि तसा तो लागल्याचा हिशेब दाखविता येतो, म्हणून तो माफ होतो. सूट देवाला नाही, खर्चाला आहे.

हा भेद नीट समजून घेण्याची वेळ आता आली आहे. १९६१ च्या आयकर कायद्याची जागा घेणाऱ्या नव्या कायद्याला २१ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि त्याच्या अंमलासाठी १ एप्रिल २०२६ हा दिवस ठरला. जुन्या कायद्यात निरनिराळ्या कलमांत विखुरलेले धर्मादाय संस्थांचे नियम नव्या कायद्यात ‘नोंदणीकृत ना-नफा संस्था’ या नावाखाली एकत्र आणले आहेत. मूळ तत्त्व मात्र फारसे बदललेले नाही. धार्मिक व सार्वजनिक धर्मादाय कार्याला वाहिलेल्या मालमत्तेचे उत्पन्न करातून वगळण्याची प्रथा या देशात १८८६ च्या आयकर कायद्यापासून चालत आलेली आहे. १९२२ च्या कायद्याने ती पुढे नेली आणि १९६१ च्या कायद्याने तिला अटींची चौकट घातली. या चौकटीत प्रत्यक्ष व्यवहार कसा बसतो, हे पाहण्यासाठी नृसिंहवाडीसारखे क्षेत्र डोळ्यांसमोर ठेवणे सोयीचे ठरेल. तेथील कोणा संस्थेचा हिशेब तपासण्याचा येथे हेतू नाही. यात्रेच्या गावी येणाऱ्या पैशाला कायदा किती वाटांनी गाठतो, एवढेच पाहायचे आहे.

एका रुपयाच्या पाच वाटा

कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमावर, शिरोळ तालुक्यात वसलेली नृसिंहवाडी ही दत्तभक्तांची राजधानी मानली जाते. श्रीनृसिंहसरस्वतींचे बारा वर्षे वास्तव्य झालेल्या या स्थानी मूर्तीपेक्षा पादुकांना महत्त्व आहे. विजापूरच्या आदिलशहाने औरवाड व गौरवाड ही गावे या देवस्थानाला इनाम दिली, असे परंपरा सांगते. म्हणजे राजसत्तेने देवस्थानच्या उत्पन्नावरील आपला हक्क सोडावा, हा विचार या नदीकाठाला नवा नाही. फरक इतकाच की, तेव्हा सनदेने जे मिळे ते आज नोंदणी क्रमांकाने मिळते, आणि सनदेला मुदत नसे, नोंदणीला असते.

वाडीला आलेल्या यात्रेकरूच्या खिशातून जाणारा रुपया पाच ठिकाणी पडतो, असे समजू. पहिला रुपया तो अभिषेकानंतर उपाध्यायांच्या हाती दक्षिणा म्हणून ठेवतो. ही दक्षिणा न्यासाची नव्हे, उपाध्यायांची स्वतःची प्राप्ती होय. वकिलाच्या शुल्काप्रमाणे किंवा शिक्षकाच्या वेतनाप्रमाणे तिला आयकराचे सर्वसाधारण दर लागू होतात. मंदिर करमुक्त असले म्हणून मंदिरात मिळालेली प्रत्येक रक्कम करमुक्त होत नाही, हे येथे ध्यानात घ्यावे.

दुसरा रुपया दानपेटीत पडतो. त्याला ना नाव, ना पत्ता. या निनावी रुपयाची कथा स्वतंत्र असल्याने ती पुढे पाहू. तिसरा रुपया अन्नदानासाठी पावती घेऊन दिला जातो. तो न्यासाच्या उत्पन्नात जमा होतो आणि त्याला खर्चाची अट लागते. हाच रुपया दात्याने ‘कायम निधीसाठी’ असे स्पष्ट लिहून दिला, तर त्याची गणना निराळी होते. तो खर्चून टाकण्याचे बंधन राहत नाही. मात्र २०२१ च्या दुरुस्तीनंतर तो कायद्याने सांगितलेल्या ठिकाणीच गुंतविलेला असला पाहिजे. टपाल खाते, शेड्यूल्ड बँक, बँकिंगचा व्यवसाय करणारी सहकारी संस्था ही ठिकाणे त्या यादीत आहेत. गावातील पतसंस्था अर्धा टक्का व्याज अधिक देते म्हणून विश्वस्तांनी तेथे ठेव ठेवली, तर सूट गमावण्याचा धोका उभा राहतो. पश्चिम महाराष्ट्रात सहकाराचे जाळे घरोघरी पोहोचलेले असताना हा बारकावा किती विश्वस्तांना ठाऊक असेल?

चौथा रुपया भक्तनिवासातील खोलीसाठी जातो. येथे आयकराबरोबर वस्तू व सेवा कराचाही प्रश्न येतो. नोंदणीकृत धार्मिक न्यासाने देवस्थानच्या आवारातील खोली दिवसाला एक हजार रुपयांपेक्षा कमी भाड्याने दिली, तर हा कर लागत नाही. मंगल कार्यालयाचे भाडे दिवसाला दहा हजारांच्या आत असेल किंवा दुकानाच्या गाळ्याचे भाडे महिन्याला दहा हजारांच्या आत असेल, तरीही तो लागत नाही. जुलै २०२२ मध्ये स्वस्त हॉटेलांच्या खोल्यांवर कर बसला, तेव्हा अमृतसरच्या सुवर्णमंदिराजवळील सरायांवरून वादळ उठले होते. अखेर न्यासांच्या अशा खोल्या करातून मुक्तच आहेत, असा खुलासा केंद्राला करावा लागला. पाचवा रुपया पेढ्यांचा. देवस्थान देते त्या प्रसादावर वस्तू व सेवा कर नाही. रस्त्यापलीकडच्या दुकानातून घेतलेले कंदी पेढे मात्र दुकानदाराचा माल होत. खवा तोच, साखर तीच, पण देणारा बदलला की कायद्याची दृष्टी बदलते. यात विसंगती मुळीच नाही. पदार्थ कोणता आहे यापेक्षा तो कशासाठी दिला जातो, यालाच कायदा महत्त्व देतो.

अन्नदानाच्या बाबतीत एक अडचण मात्र खरी आहे. महाप्रसाद विनामूल्य असल्याने त्यावर कर नाही, परंतु त्यासाठी बाजारातून घेतलेल्या तेलातुपाच्या किमतीत कर असतोच, आणि व्यापाऱ्याप्रमाणे त्याची वजावट संस्थेला मिळत नाही. महिन्याला किमान पाच हजार लोकांना मोफत जेवू घालणाऱ्या संस्थांना केंद्राच्या वाट्याचा असा कर परत देणारी योजना २०१८ साली निघाली, ती यामुळेच. पण आमावास्या-पौर्णिमेला शंभर पाने वाढणारे खेड्यातील देवालय या संख्येपर्यंत कधी पोहोचणार?

पंच्याऐंशी टक्क्यांचा नियम

न्यासाच्या हाती आलेल्या उत्पन्नाला लागणारी मुख्य अट सोपी आहे. शंभर रुपयांपैकी पंच्याऐंशी रुपये त्या वर्षी उद्दिष्टावर खर्च झाले पाहिजेत. उरलेले पंधरा रुपये विनाअट शिल्लक टाकता येतात. पंच्याऐंशी रुपये खर्च होत नसतील, तर ते कोणत्या कामासाठी राखून ठेवत आहोत, हे विहित अर्जाने आधी कळवावे लागते, आणि अशी राखीव रक्कम पाच वर्षांच्या आत त्याच कामी लागावी लागते. न लागल्यास ती करपात्र ठरते.

पावसाळ्यात कृष्णेला पूर आला की, वाडीत दक्षिणद्वाराचा सोहळा होतो. पाणी उत्तरेच्या द्वाराने मंदिरात येते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेच्या द्वाराने बाहेर पडते. लोक श्रद्धेने त्या पाण्यात स्नान करतात. धर्मादाय पैशाविषयी कायद्याची अपेक्षा अशीच आहे. पैसा यावा, पादुकांना स्पर्श करावा आणि लोकांसाठी पुढे जावा. गाभाऱ्यात तो तुंबून राहू नये.

तथापि, नदीकाठच्या गावांना शिलकेची गरजही तितकीच असते. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांच्या महापुरांनी कृष्णा-पंचगंगेच्या काठची गावे उद्ध्वस्त केली. अशा ठिकाणी धर्मशाळेची डागडुजी, घाटाची दुरुस्ती किंवा पूरग्रस्तांना आसरा यासाठी एखाद्या न्यासाने पैसा बाजूला ठेवला, तर तो दूरदर्शीपणा म्हटला पाहिजे. समजा, एखाद्या न्यासाचे वार्षिक उत्पन्न दहा लाख आहे. त्याला साडेआठ लाख खर्च करणे भाग आहे. त्यातील चार लाख घाटासाठी राखायचे असतील, तर कायदा आडवा येत नाही. तो एवढेच म्हणतो की, काम सांगा, मुदतीत सांगा आणि मुदतीत करा. येथे तक्रार नियमाविषयी असू शकत नाही. असलीच तर ती नियम पाळण्यासाठी रचलेल्या कागदांच्या चळतीविषयी असेल.

‘सार्वजनिक’ या शब्दाचाही कायद्याला विशिष्ट अर्थ अभिप्रेत आहे. एका घराण्याच्या देवघरासाठी केलेल्या खासगी न्यासाला ही सूट मिळत नाही. १९६१ च्या कायद्यानंतर स्थापन झालेली धर्मादाय संस्था केवळ एका जातीच्या किंवा धर्मीयांच्या लाभासाठी असेल, तर तिलाही सूट नाही. अनुसूचित जाती-जमाती, मागासवर्ग, स्त्रिया व मुले यांच्यासाठीच्या संस्था मात्र या निर्बंधातून वगळल्या आहेत. कोल्हापूरच्या वाचकाला येथे राजर्षी शाहू छत्रपतींनी १९०१ पासून जातवार उभी केलेली वसतिगृहे आठवल्याशिवाय राहणार नाहीत. ती जुनी असल्याने या निर्बंधाच्या कक्षेबाहेर राहतात. आज तशीच एखादी संस्था नव्याने काढणाऱ्याला मात्र तिची दारे सर्वांना खुली ठेवावी लागतील. शाहूंच्या काळी ज्या साधनाने समता आणायची होती, ते साधन समतेच्या पुढल्या टप्प्यावर कायद्याला अपुरे वाटावे, हे स्वाभाविकच होय.

निनावी दानाचा पेच

आता दानपेटीतील रुपयाकडे वळू. काळा पैसा देणग्यांच्या नावाखाली पांढरा होतो, या आक्षेपावरून २००६ साली निनावी देणग्यांवर तीस टक्के कर बसविण्यात आला. एकूण देणग्यांच्या पाच टक्के किंवा एक लाख रुपये, यांपैकी जी रक्कम अधिक तेवढ्यापुरती त्यातून सवलत आहे. परंतु पूर्णपणे धार्मिक न्यासांना या करातून वगळले गेले. देवापुढे पैसा टाकणाऱ्याने नाव सांगावे, ही अपेक्षाच आपल्या परंपरेला परकी आहे. डाव्या हाताचे दान उजव्या हाताला कळू नये, असे मानणाऱ्या समाजाला पेटीपाशी नोंदवही ठेवून बसणारा कारकून रुचणार नाही. धार्मिक आणि धर्मादाय अशा दोन्ही कामांच्या न्यासांनाही सूट मिळाली. अपवाद एवढाच की, शाळा, महाविद्यालय किंवा रुग्णालय यांच्यासाठी म्हणून दिलेली निनावी रक्कम मात्र करपात्र राहिली.

वाद उत्पन्न झाला तो शिर्डीत. श्रीसाईबाबा संस्थान मंदिर चालविते, तसेच रुग्णालये व शाळाही चालविते. आयकर खात्याचे म्हणणे असे की, संस्थेने धर्मादाय म्हणून नोंदणी घेतली आहे, तिचा धार्मिक कामावरील खर्च नगण्य आहे, सबब ती धार्मिक संस्था नव्हे, आणि दानपेटीतील रकमेवर तिने कर भरला पाहिजे. २०२३ मध्ये आयकर अपील न्यायाधिकरणाने हे म्हणणे अमान्य केले. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही संस्थान धार्मिक आणि धर्मादाय असे दोन्ही आहे, असा निर्वाळा देऊन खात्याचे अपील फेटाळले.

प्रश्न मिटला असे वाटत असतानाच फेब्रुवारी २०२५ मध्ये संसदेत आलेल्या नव्या आयकर विधेयकात सूट फक्त पूर्णपणे धार्मिक संस्थांपुरतीच ठेवल्याचे दिसून आले. म्हणजे जे मंदिर केवळ पूजाअर्चा करील, त्याच्या पेटीवर कर नाही. जे मंदिर रुग्णालय काढील, त्याच्या पेटीवर तीस टक्के कर! लोकसभेच्या निवड समितीने हा दोष दाखवून दिला आणि ऑगस्टमध्ये संमत झालेल्या सुधारित विधेयकात मिश्र संस्थांची सूट पुन्हा आली. चूक दुरुस्त झाली, हे बरेच झाले. परंतु ती झालीच कशी, याचा विचार झाला पाहिजे. धर्म आणि लोकसेवा या दोन गोष्टी वेगवेगळ्या कप्प्यांत बसल्या पाहिजेत, ही कल्पना प्रशासनाच्या मनात खोल रुजलेली आहे. आपल्याकडे त्या कधीच वेगळ्या नव्हत्या. घाट बांधणे, अन्नछत्र घालणे, वेदशाळा चालविणे, पाणपोई घालणे ही कामे धर्माची की लोकसेवेची, हे अहल्याबाई होळकरांना कोणी विचारले असते, तर त्यांना प्रश्नच कळला नसता.

तरीही, खात्याची शंका सर्वस्वी निराधार होती असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. रोख रकमेच्या पेटीला साक्षीदार नसतो. तेथे गैरव्यवहार झाला तर तो पकडणे कठीण असते. यावर उपाय पेटीवर कर बसविणे हा नव्हे. पेटी कोणासमोर उघडली, किती रक्कम निघाली आणि ती कोणत्या दिवशी बँकेत भरली, याची नोंद लोकांसमोर ठेवणे हा आहे. देणारा निनावी राहिला तरी चालेल. घेणारा निनावी राहून चालणार नाही.

लहान न्यासांची ओढाताण

मोठ्या संस्थानांकडे सनदी लेखापाल असतात, वकील असतात, खटला उच्च न्यायालयापर्यंत लढण्याची ताकद असते. खरी कुचंबणा होते ती खेड्यातील मारुतीच्या देवळाच्या, वाचनालयाच्या, विद्यार्थी साहाय्यक मंडळाच्या न्यासाची. अशा न्यासाचा चिटणीस बहुधा एखादा निवृत्त शिक्षक किंवा कचेरीतील कारकून असतो. त्याला एकाच वेळी दोन अधिकाऱ्यांना तोंड द्यावे लागते. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याप्रमाणे धर्मादाय कार्यालयात विश्वस्तांच्या बदलाची नोंद करायची, हिशेब तपासून द्यायचे, जमीन विकायची तर परवानगी घ्यायची. दुसरीकडे आयकर खात्याकडे नोंदणी, विवरण, लेखापरीक्षण, शिल्लक रकमेचा अर्ज आणि पावत्यांची यादी द्यायची. एकाच संस्थेची तीच माहिती दोन सरकारी दप्तरांत दोन नमुन्यांत जाते, आणि ती दोन्ही दप्तरे एकमेकांशी बोलत नाहीत.

पूर्वी आयकराची नोंदणी एकदाच होई. २०२० च्या वित्त कायद्याने ती पाच वर्षांची केली आणि सर्व जुन्या संस्थांना नव्याने अर्ज करावयास लावले. २०२५ मध्ये पाच कोटींपर्यंत उत्पन्न असलेल्या संस्थांसाठी ही मुदत दहा वर्षे करण्यात आली, ही स्वागतार्ह सुधारणा होय. पण मुदत चुकल्यास होणारे परिणाम भयंकर आहेत. २०१६ साली आलेल्या तरतुदीप्रमाणे न्यासाचे धर्मादाय स्वरूप संपले, तर त्याच्या मालमत्तेच्या बाजारभावातून देणे वजा जाता उरणाऱ्या रकमेवर कमाल दराने कर बसतो. धर्मादायाच्या नावाने मालमत्ता जमवून ती खासगी खिशात घालणाऱ्यांसाठी ही तरतूद होती आणि ती योग्यच होती. २०२३ मध्ये मात्र नूतनीकरणाचा अर्ज वेळेवर न करणाऱ्यांनाही तिच्या कक्षेत आणले गेले. पुढल्याच वर्षी उशीर माफ करण्याचा अधिकार आयुक्तांना देण्यात आला, हे खरे. तरीही, चिटणीस आजारी पडला म्हणून ज्याची तारीख हुकली तो न्यास आणि ज्याने मालमत्ता लुबाडली तो न्यास, यांना कायद्याने एकाच तराजूत तोलावे, हे न्यायाचे नाही.

दात्यांचीही अशीच फसगत होते. आपली पावती दाखविली की करात वजावट मिळते, असे नोकरदार वर्ग समजतो. निव्वळ धार्मिक संस्थेला दिलेल्या देणगीवर सामान्यतः वजावट नाही. दोन हजारांवरील रोख देणगीवर ती नाही. शिवाय ज्याने नवी कररचना पत्करली, त्याला देणगीची वजावट मुळीच नाही. २०२३ पासून नवी रचना हीच गृहीत धरली जाते, त्यामुळे पगारदार दात्याला पावतीचा उपयोग बहुधा दान केल्याच्या समाधानापुरताच राहतो. दान असे शुद्ध झाले, असे कोणी म्हणेल. पण शाळा-वाचनालये ज्या लहान देणग्यांवर चालतात, त्यांचा ओघ यामुळे आटेल काय, याचा विचार सरकारने करायला हवा.

या सर्वांतून दोन मागण्या निष्पन्न होतात आणि त्या दोन्ही बाजूंना उद्देशून आहेत. सरकारने लहान न्यासांसाठी एकच विवरण ठेवावे, ते मराठीत असावे, धर्मादाय कार्यालयात दिलेली माहिती आयकर खात्याने तेथूनच घ्यावी आणि जबर दंड केवळ अपहारासाठी राखून ठेवावा. विश्वस्तांनी वर्षाच्या अखेरीस जमा आणि खर्च यांचा गोषवारा देवळाच्या फलकावर, शाळेच्या किंवा वाचनालयाच्या दाराशी, कोणाही यात्रेकरूला वाचता येईल अशा अक्षरांत लावावा. त्यासाठी कोणत्याही दुरुस्तीची, परिपत्रकाची किंवा अनुदानाची गरज नाही.

करमाफी म्हणजे सरकारने सोडलेला महसूल होय. तो महसूल नांगरधारी शेतकऱ्याचा, शिक्षकाचा आणि गिरणीतील मजुराचाही आहे, कारण देवस्थानाने जो भरला नाही तो भार उरलेल्यांवर पडतो. अन्नछत्रातील पानावर, रुग्णालयातील खाटेवर आणि वसतिगृहातील मुलाच्या पुस्तकावर तो परत मिळत असेल, तर कोणाचीच तक्रार असणार नाही. मिळतो की नाही, हे पाहण्याचा हक्क मात्र आयकर अधिकाऱ्याइतकाच पेटीत रुपया टाकणाऱ्यालाही आहे, आणि तो त्याने बजावला पाहिजे.